दादाची दुसरी बॅग

"दाखवायला पाहिजे की वापरायला?" दुकानदाराने विचारलं.

दादाला प्रश्न कळला नाही. तो माझ्याकडे बघायला लागला. मला कळला होता, कारण मीसुद्धा काउंटरच्या पलीकडे उभी राहूनच पोट भरत होते, दादरला एका साड्यांच्या दुकानात.

"म्हणजे?" दादा म्हणाला.

दुकानदाराने काचेवर दोन घड्याळं ठेवली. दोन्हींवर एकच मोठं नाव, दोन्हींचा पट्टा सोनेरी. "हे लांबून दाखवायचं. हे दुसरं कुणाच्या हातात दिलं तरी चालतं, याला वजन आहे. पण पाण्यापासून दोन्ही लांब ठेवा."

"गावी न्यायचंय," मी म्हटलं. "लोक हातात घेऊन बघणार."

"गल्फचं सामान का?" त्याचा चेहरा खुलला. "मग तसं सांगायचं ना ताई. त्याचा सेट असतो."

सेट खरोखरच होता. अत्तराच्या बाटल्या, साबण, बाम, टॉर्च, चॉकलेटं, घड्याळ आणि प्लास्टिकच्या पिशवीतलं मोठ्या गुलाबांचं ब्लँकेट. सगळ्यावर परदेशी नावं, आणि सगळं इथेच कुठेतरी जवळपास बनवलेलं. वर अरबी अक्षरं छापलेल्या चारदोन पिशव्या. दादाने त्यातली एक पिशवी हातात घेतली आणि कितीतरी वेळ उलटीपालटी करून बघितली.

"पिशवी मात्र अस्सल आहे," दुकानदार म्हणाला. "तिची नक्कल परवडत नाही."

त्या गल्लीचं नाव सांगत नाही. अजून तिथे तीच दुकानं आहेत आणि अजून तिथे माझ्या भावासारखी माणसं येत असतील.

माझा भाऊ दत्ताराम सुतार होता, हाताचा चांगला. दुबईला एका कंपनीत दारं-खिडक्या बसवायच्या कामावर लागला. दोन वर्षांनी पहिल्यांदा रजेवर आला तेव्हा त्याने आणलेल्या बॅगेत सगळं खरं होतं. मग परत गेला आणि वर्षभरात कंपनी बुडाली. मालक पळाला, कामगारांना विमानात घालून परत पाठवलं. तेव्हापासून दादा मुंबईतच होता. साकीनाक्याच्या बाजूला एका फर्निचरच्या कारखान्यात काम करायचा आणि तिथेच प्लायवूडच्या फळ्यांवर झोपायचा. हे फक्त मला माहीत होतं. गावी आयेसाठी, म्हणजे आमच्या आईसाठी, तो अजून दुबईलाच होता, आणि आता त्याची रजेवर यायची वेळ झाली होती.

गल्लीतून बाहेर पडल्यावर आम्ही उसाचा रस प्यायला थांबलो. मला राग आवरत नव्हता.

"खरा सांगून टाक ना," मी म्हटलं. "लोकांच्यो नोकऱ्यो जातत. तू काय चोरी केलंस?"

"माका काय व्हवचा नाय गो कुंदा," दादा म्हणाला. "आयेची खुर्ची जायत."

मी रसाचे पैसे देऊन टाकले.

खुर्चीची गोष्ट अशी. बाबा गेले तेव्हा आम्ही लहान होतो. शेजारीच चुलत्यांचं घर, माडांची बाग, नारळांचा व्यापार. आये त्यांच्याकडे भांडी घासायला जायची. जावेच्याच घरी. लग्नकार्य असलं की घरातल्या बायका पडवीत खुर्च्यांवर बसायच्या आणि आये मागच्या दाराशी, रांजणाजवळ, जमिनीवर बसायची. कुणी तिला तिथे बस म्हणून सांगितलं नव्हतं, आणि तिथून ऊठ असंही कुणी म्हणायचं नाही. दादाची पहिली बॅग आली त्यानंतर चुलत्यांकडे सत्यनारायण होता. आये नेहमीसारखी रांजणाकडे निघाली, तर काकीने आतून हाक मारली, "गो, थंय खंय जातंस? भालो, तुझ्या काकीक खुर्ची दी." भालो म्हणजे काकीचा मुलगा, भालचंद्र, दादाच्याच वयाचा. त्याने खुर्ची आणली. आये खुर्चीच्या कडेला बसली, अगदी टोकाला, पडेल की काय असं वाटावं इतकी. पुढच्या वेळी जरा मागे सरकून बसली. नंतर नंतर पाठ टेकून बसायला लागली.

साड्या विकताना मी एक गोष्ट बघितली होती. बाई साडी खांद्यावर टाकते, पण आरशात बघत नाही. बरोबर आलेल्या बाईच्या तोंडाकडे बघते. तिथे जे दिसेल त्याचे पैसे देते.

आमच्याकडे दुबईवाल्याची बॅग आल्या आल्या उघडत नाहीत. रात्रभर ती देवाजवळ ठेवतात. सकाळी आंघोळ करून घरातली मोठी बाई तिला हळद-कुंकू लावते आणि सगळ्या वाडीसमोर खळ्यात, म्हणजे अंगणात, ती उघडते. प्रत्येकाला काहीतरी मिळतंच, मग चॉकलेट का असेना. त्या सकाळीही सारवलेलं खळं माणसांनी भरलं. मीही रजा घेऊन गेले होते. खरं तर दादा बॅगेसमोर एकटा पडू नये म्हणून गेले होते.

आये खुर्चीवर बसली होती. ती एकेक वस्तू काढायची, नाव घेऊन हाक मारायची आणि स्वतःच्या हाताने द्यायची. भालोला घड्याळ मिळालं. त्याने ते कानाला लावलं, मग तळहातावर ठेवून जरा खालीवर केलं.

"जड आसा हां," तो म्हणाला.

"पाण्यात घालू नको," दादा घाईने म्हणाला.

"एवढा म्हागाचा घड्याळ पाण्यात कित्याक घालीन?" भालो हसला आणि सगळे हसले.

शेवटी अत्तर निघालं. पहिल्या बॅगेत आलेली तशीच बाटली आयेने दोन वर्षं पुरवून वापरली होती. स्वतःला कधी लावलं नाही. घरी येणाऱ्या बायकांच्या मनगटाला लावायची आणि त्यांनी हुंगलं की त्यांच्याकडे बघत राहायची. ती बाटली संपली तरी तिने टाकली नव्हती. आता तिने नव्या बाटलीचं बूच काढलं, पदराला बोट लावलं आणि डोळे मिटून वास घेतला. मी आणि दादा एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

"पयल्यासारखोच," आये म्हणाली.

दुपारी जेवायला वाढताना मी तिच्याजवळ गेले तेव्हा पदराला फक्त ओल्या राखेचा वास येत होता. वाडीत मात्र आठवडाभर दादाचंच नाव होतं. दत्तो मोठा साहेब झाला असणार, असं काकी बोलून गेली. सेट इतका चांगला निघेल असं आम्हाला वाटलं नव्हतं.

रजा संपायच्या आदल्या संध्याकाळी आये चुलीपुढे बसली होती. दादा दाराच्या उंबऱ्यावर, मी पाट्यावर खोबरं वाटत.

"दत्ता," ती म्हणाली, "माका आता काय नको रे बाबा. तुझ्यामुळे सगळा बघून झाला. तू आता हंयच रव. सुताराचा काम हंय काय कमी आसा?"

माझा हात थांबला. मी दादाकडे बघितलं. सांग, मी मनात म्हटलं, आता सांग, तिने दार उघडून दिलंय. त्याने तोंड उघडलंसुद्धा. पण खुंटीला ते गुलाबांचं ब्लँकेट घडी करून टांगलेलं होतं, फळीवर अत्तराची बाटली होती. दुबईत सगळं झकास चाललंय असं त्या वस्तू आठवडाभर सगळ्यांना सांगत होत्या. झकास चाललेली नोकरी माणूस कोणत्या तोंडाने सोडतो?

"बघूया आये," तो म्हणाला. "ह्या खेपेक तर जावकच होया. कंपनी सोडूची नाय."

"मगे पुढल्या खेपेक?"

"पुढल्या खेपेक रवतलंय."

दुसऱ्या दिवशी सगळी वाडी त्याला रस्त्यापर्यंत पोचवायला आली. आयेने त्याच्या हातावर दही घातलं. दादा दुबईला म्हणून निघाला आणि साकीनाक्याला उतरला.

दिवाळी झाली आणि त्यानंतर एका दुपारी दुकानात माझ्यासाठी फोन आला. गावच्या पोस्टातून भालो बोलत होता. आये जेवून उठली, अंगणात वाळत घातलेली सुपारी वर करायला गेली आणि तिथेच बसली, ती उठलीच नाही.

"तू रातच्या गाडयेन ये," भालो म्हणाला. "तुझी वाट बघतंव, सकाळपर्यंत ठेवतंव तिका. दत्ताक तार करतंय, पण तेका दुबयसून काय जमाचा नाय. अग्नी मियां देतंय. चलात मा?"

मी काय म्हणणार होते? "चलात," म्हटलं.

दादाच्या कारखान्यात फोन केला. मी गाडीच्या थांब्यावर पोचले तेव्हा तो आधीच येऊन उभा होता. अंगावर कामाचेच कपडे, केसांत लाकडाचा भुसा. हातात काही नव्हतं. तो रडत नव्हता. गाडी लागली, कंडक्टर माणसं मोजून वर घेत होता.

"चल," मी म्हटलं.

दादाने पायरीवर एक पाय ठेवला. दांडा धरला. आणि तसाच उभा राहिला.

"दादा, चल. काय्येक सांगूया. मुंबयक कामासाठी इल्लंस म्हणून सांगूया."

"तिच्या मड्यापुढे सगळी वाडी माका इचारतली, कुंदा. भालो इचारतलो. तार खंय मिळाली, इमान खंय मिळाला. मी काय सांगू? आयेन वाडीभर लोकांका सांगलेला सगळा खोटा होता म्हणून? तिका चार माणसा खांद्यार घेतत आणि मी तेंका ह्या सांगू?"

"मग सांगू नको. गप रव. पण चल."

"साहेब, चढताय की उतरताय?" कंडक्टर म्हणाला. "एक सीट आहे."

दादाने पाय खाली घेतला. मागच्या माणसांना वाट करून दिली. मी खिडकीत बसले. गाडी सुटेपर्यंत तो खिडकीच्या गजाला हात लावून उभा होता. गाडी हलली तेव्हा गजाबरोबर थोडा चालला.

"माझ्यावाटचा तिका शेवटचा पाणी तू पाज," एवढंच तो म्हणाला.

त्या गाडीत माझ्या शेजारची सीट पनवेलपर्यंत रिकामी होती. मग एक मनुष्य चढला आणि तिथे बसला. मला त्या अनोळखी माणसाचा इतका संताप आला की मी तोंड फिरवून घेतलं.

सकाळी पोचले. बायकांनी आयेला आंघोळ घातली, हातात तुळशीचं पान दिलं. मी तिच्या तोंडात पाणी घातलं, एकदा माझं आणि एकदा दादाचं. काकीने फळीवरची बाटली काढली. "तिच्या दत्तान आणलेला अत्तर आसा, बरा लावा तिका," म्हणाली आणि अख्खी बाटली तिने आयेच्या अंगावर ओतली. तिला घेऊन जाईपर्यंत तो वास उडूनही गेला होता. ज्या भालोच्या घरची भांडी आयेने आयुष्यभर घासली, त्यानेच तिला अग्नी दिला. त्याने सगळं रीतीने केलं. त्याला नावं ठेवायला मला एकही जागा मिळाली नाही, आणि त्याचाही त्रास झाला.

दुबईहून यायला जितके दिवस लागले असते तितके दिवस दादा मुंबईत थांबला आणि मग आला. रिक्षातून उतरला तेव्हा त्याच्याबरोबर बॅग होती. तीच, दुबईची. हँडलला विमानाची जुनी चिठ्ठी पुन्हा चिकटवलेली. भालो सुतकात होता, डोक्यावरचे केस काढलेले, तरी तो पुढे धावला आणि त्याने रिक्षातून बॅग उचलून घेतली.

उचलली आणि क्षणभर थबकला. बॅग हलकी होती. त्याने माझ्याकडे बघितलं, मग दादाकडे. मग त्याने खांदा जरा वाकडा केला आणि जड वस्तू न्यावी तसं पाऊल टाकत ती पडवीत नेऊन ठेवली. सुतकात बॅग कुणी उघडत नाही. ती तिथेच राहिली.

अग्नी ज्याने दिला त्यानेच पुढचं सगळं करायचं, अशी रीत. त्यामुळे दादाला करायला काहीच नव्हतं. लोक भेटायला यायचे, म्हणायचे, "शेवटचा तोंड बघूक नाय गावला रे तुका. येवढ्या लांब म्हटल्यार काय करतलंस." दादा मान हलवायचा. दर वेळी हलवायचा. मला ते बघवत नव्हतं.

दहाव्याला व्हाळावर, ओढ्याकाठी, गेलो. एरवी बायका जात नाहीत, पण मी गेले आणि काजूच्या झाडाखाली लांब उभी राहिले. मला कुणी अडवलं नाही. भालोने पिंड मांडले. सगळे मागे सरकले आणि कावळ्याची वाट बघायला लागले. समोर माडांवर कावळे बसलेले दिसत होते. त्यातला एक खाली उतरला, पिंडापासून हातभर अंतरावर टुणटुण चालला आणि उडून गेला.

"तिचा काय रवला आसा ता सांगा," भटजी म्हणाले.

भालो हात जोडून पुढे झाला. "काकी, कुंदाच्या लग्नाचा मी बघतंय." कावळा आला नाही. "घर शाकारून घेतंय." नाही. कुणीतरी म्हणालं, "तिचो जीव दत्तात होतो. दत्ताक बोलूक सांगा."

दादा पुढे झाला. "आये," तो म्हणाला, "मी आता खंय जाणंय नाय. हंयच रवतलंय."

आम्ही थांबलो. ऊन चढलं. व्हाळाचं पाणी तेवढं वाजत होतं. भटजींनी आकाशाकडे बघितलं, पिशवीतून दर्भाच्या काड्या काढल्या आणि गुडघ्यावर ठेवून वळायला लागले. कावळा शिवलाच नाही तर दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावतात, म्हणजे काम पुरं झालं असं धरतात. त्यांच्या बोटांत हळूहळू चोच झाली, शेपटी झाली.

"नको," दादा म्हणाला.

"असा चलता रे, शास्त्रात आसा."

"नको भटजीनू. खोटो कावळो नको. तिका सगळा खोटाच दिलंय मियां."

तो पिंडासमोर मांडी घालून बसला आणि त्याने सांगितलं. कंपनी बुडाल्याचं, साकीनाक्याचं, गल्लीतल्या सेटचं. भालोच्या हातावर ते घड्याळ होतं, त्याचंही सांगितलं. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू जात होतं. तो त्यांच्याकडे बघतच नव्हता. पिंडाकडे बघून बोलत होता.

"आये, तू गेलंस तेव्हा मी दुबयत नव्हतंय. मुंबयत होतंय. गाडयेच्या पायरयेर पाय ठेवलेलंय. एक जागा होती. माका येवक जमला आसता."

दादा माडांकडे बघत राहिला. मीही बघत होते. इतकं कळकळून मी देवाकडे कधी काही मागितलं नव्हतं. एक कावळा ओरडला, माडावरून माडावर गेला, आणि खाली आला नाही. पुष्कळ वेळ गेला.

"पोरांनू, उशीर होता," भटजी हलकेच म्हणाले.

भालो उठला. त्याने भटजींच्या हातातून तो दर्भाचा कावळा घेतला आणि दादाजवळ उकिडवा बसला. आता हा काय बोलतो म्हणून मी झाडाखालून दोन पावलं पुढे झाले. त्याने दादाचा हात उलगडला आणि कावळा त्यात ठेवला.

"तू लाव," तो म्हणाला. "अग्नी मियां दिलंय. ह्या तुझ्या हातान होवंदे."

दादाने मान खाली घातली. आईसाठी मुलाने करायचं एवढं एकच त्याच्या वाट्याला आलं. त्याने ती गवताची चोच पिंडाला टेकवली.

मग सगळे निघाले. तिथून निघाल्यावर मागे वळून बघायचं नसतं, हे आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असतं. माणसं पुढे गेली. दादा मागे राहिला आणि मी त्याच्याबरोबर. आम्ही बांधावर चढलो तेव्हा मागे व्हाळाच्या बाजूला काहीतरी फडफडलं. पंख असतील, नाहीतर केळीचं पान. दादाचे पाय थांबले. त्याने मान वळवली नाही. समोरच बघत होता.

"कुंदा, इलो काय गो?"

मीही समोरच बघत होते.

"इलो," मी म्हटलं.

तो जरा चालला. मग पुन्हा थांबला.

"पिंडार बसलो?"

"बसलो. खाता हा."

"एकच आसा?"

"दोन आसत," मी म्हटलं.

मी मागे बघितलेलं नाही, हे त्याला माहीत होतं. माझ्या शेजारीच तर तो चालत होता. तरी त्याने ते घेतलं. बांधावरच खाली बसला आणि आये गेल्यापासून पहिल्यांदा रडला.